ओट्याचा दगड कुठे तुटतो?

स्वयंपाकघरातील ओट्याखाली डिशवॉशर बसवायचे ठरले की पहिली अडचण येते ती उंचीची. भांडी घासण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील इलिनॉय राज्यात राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन यांनी 1886 साली घेतले. पुढे हे यंत्र तिकडच्या स्वयंपाकघरांच्या मापाने घडत गेले. तिथे कामाची फळी साधारण 90 सें.मी. उंचीवर असते आणि पुष्कळदा लाकडी असते. त्यामुळे वरचे झाकण काढलेले यंत्र सुमारे 82 सें.मी. उंच आणि 60 सें.मी. रुंद असते. आपला ओटा पावणेतीन फूट, म्हणजे 84 सें.मी.च्या आसपास. त्यातही वर दोन सें.मी. जाडीचा ग्रॅनाइट, खाली सिमेंटचा थर आणि त्याखाली अडीच सें.मी.चा कडाप्पा. खाली मोकळी जागा उरते जेमतेम 79 सें.मी.

2020 च्या टाळेबंदीनंतर ही यंत्रे आपल्याकडे बऱ्याच घरांत आली आणि गवंड्यांना एक नवे काम मिळाले. गवंडी दोन उपाय सुचवतो. पहिला, खालचा कडाप्पा काढून टाकू, तेवढी उंची मिळेल. दुसरा, सिंक आणि शेजारचा कप्पा यांच्यामधला उभा दगड काढू, म्हणजे रुंदी मिळेल. (पाणी आणि सांडपाण्याची सोय तिथे असल्याने यंत्र सिंकशेजारीच बसवावे लागते.) ‘ग्रॅनाइट आहे, त्याला काय होतंय?’ हे वाक्य दोन्ही वेळा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

ग्रॅनाइटच्या घनावर सपाट दाब दिला तर दर चौरस सें.मी.ला दीड-दोन हजार किलोग्रॅमचा भार तो सहन करतो. पण त्याच दगडाची पट्टी दोन टेकूंवर ठेवून वाकवली तर दर चौ.सें.मी.ला 100 ते 150 कि.ग्रॅ. इतक्या ताणालाच ती तुटते. इतका फरक का, हे वर्गात दाखवणे सोपे आहे. जाडसर खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनने समान अंतरावर उभ्या रेघा मारा आणि ते दोन्ही टोकांना धरून मध्ये खाली वाकवा. वरच्या बाजूला रेघा जवळ येतात, खालच्या बाजूला दूर जातात. म्हणजे वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मधला एक थर दाबलाही जात नाही, ताणलाही जात नाही. त्याला उदासीन थर म्हणतात.

दगडात सूक्ष्म भेगा असतातच. दाबामुळे त्या मिटतात, ताणामुळे उघडतात. एखादी भेग उघडली की तिच्या टोकाशी ताण एकवटतो आणि ती पुढे सरकते. पोलाद अशा वेळी थोडे ओघळून ताण वाटून टाकते. दगडाला ते जमत नाही. म्हणून ओटा तुटतो तो वरून नव्हे, खालच्या पृष्ठभागापासून, आणि आधी काही सूचना न देता. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या मंडपात खांब जवळजवळ का आहेत, याचे एक कारण हेच. दगडी तुळईला लांब पल्ला झेपत नाही.

आता गवंड्याचा पहिला उपाय पाहू. वाकणाऱ्या पट्टीची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले. (उदासीन थराची जागा त्याने चुकीची धरली होती; तो तळालाच आहे असे त्याने मानले. प्रमाण मात्र बरोबर आले. विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.) सिमेंटने एकजीव झालेला ग्रॅनाइट-कडाप्पा साडेचार सें.मी. जाड असतो. कडाप्पा काढला की उरतात दोन. साडेचारचा वर्ग सुमारे 20, दोनचा 4. म्हणजे ताकद पाचपटीने घटली, आणि मिळाले काय, तर तीन सें.मी. उंची!

दुसरा उपाय याहून घातक आहे. समजा, ग्रॅनाइट 60 सें.मी. रुंद, 2 सें.मी. जाड आहे आणि दोन उभ्या दगडांमधले अंतर 60 सें.मी. आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे सामान काढायला 60 कि.ग्रॅ. वजनाची व्यक्ती ओट्यावर मधोमध उभी राहिली, तर दगडाचे स्वतःचे वजन धरून तळाचा ताण दर चौ.सें.मी.ला सुमारे 26 कि.ग्रॅ. येतो. काळजीचे कारण नाही. मधला उभा दगड काढून अंतर 120 सें.मी. केले तर तोच ताण 60 होतो. येथवरही निभावेल. परंतु या पल्ल्यात सिंक आहे. सिंकसाठी कापलेल्या भोकामुळे तिथे 60 पैकी पुढची दहा आणि मागची दहा, अशी फक्त 20 सें.मी. रुंदी शिल्लक असते. भोकाच्या आतल्या कडेशी हिशोब केला तर ताण 150 च्या आसपास जातो. भोकाचे कोपरे काटकोनी कापले असतील तर तिथे तो आणखी एकवटतो. ही ग्रॅनाइटची सीमा आहे. रोजच्या वापरात काहीच होणार नाही. वर्ष-दोन वर्षे ओटा ठीक दिसेल, आणि एके दिवशी माणूस वर उभा असतानाच तुटेल.

म्हणून उभा दगड हलवायचाच असेल तर नवा आधार आधी बसवावा आणि जुना मग काढावा. नवा आधार लोखंडी चौकोनी नळीच्या चौकटीचा असला तरी चालतो, मात्र तो सिंकच्या भोकाला लागून हवा. कडाप्प्याला हात लावू नये. खाली 82 सें.मी. मिळत नसतील तर यंत्र ड्राय बाल्कनीत ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. फरशी उकरून जागा करण्याचाही सल्ला मिळतो. पण त्या खड्ड्यातून यंत्र दुरुस्तीसाठी बाहेर कसे काढणार?

यंत्राच्या पायांना आटे असतात. ते फिरवून यंत्र दगडाला ‘घट्ट’ टेकवण्याचा मोह आवरावा. तसे केले तर यंत्र हा मधला टेकू होतो आणि त्याच्या वर दगडाच्या वरच्या पृष्ठभागावर ताण येतो. यंत्र व दगड यांत तीन-चार मि.मी. फट असू द्यावी.

मग यंत्र धरून कसे ठेवायचे? धरावे तर लागतेच. 45 कि.ग्रॅ.च्या यंत्राचा गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या 28 सें.मी. मागे आहे असे धरू: 45 गुणिले 28 म्हणजे 1260. दार आडवे उघडले असताना 25 कि.ग्रॅ.चे मूल पायांपासून 55 सें.मी. पुढे, दाराच्या टोकावर बसले, तर 25 गुणिले 55 म्हणजे 1375. तरफेचा नियम सांगतो की यंत्र भांड्यांसह पुढे कलंडेल. लाकडी फळी असेल तर यंत्र वरच्या बाजूला स्क्रूने जखडतात. दगडाला तसे करू नये. खालचा पृष्ठभाग हाच ताणाचा पृष्ठभाग. तिथे छिद्र पाडणे म्हणजे आयती भेग करून देणे, आणि छिद्रात फुगून बसणारा बोल्ट ती आणखी रुंदावतो. बहुतेक यंत्रांना बाजूच्या भिंतींत स्क्रू घालण्याची सोय असते. उभ्या दगडाला इपॉक्सीने लाकडी पट्टी चिकटवून तिच्यात ते स्क्रू घालावेत.

सांडपाण्याच्या नळीलाही हाच नियम. ती यंत्रातून निघाल्यावर आधी थेट ओट्याच्या दगडापर्यंत वर न्यावी आणि मग सिंकच्या नळाला जोडावी. नाहीतर तुंबलेल्या सिंकचे पाणी यंत्रात उतरते. वरचे वळण अडकवायला लागणारा हूक चिकटवलेला असावा, ठोकलेला नव्हे.