बिनतारी लहरी आणि वाड्याच्या भिंती

घरांत वायफायची पेटी बसविली, महिन्याचें भाडेंही भरलें, तरी आंतल्या खोलींत बसलेल्या मुलाचा पाठ मध्येंच कां तुटतो? 2020 सालीं शाळा बंद झाल्या तेव्हां हा प्रश्न केवळ सोयीचा राहिला नाहीं. ज्याच्यापर्यंत लहर पोंचली नाहीं, त्याचा त्या दिवशींचा धडा बुडाला.

2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटर लांब, 5 गिगाहर्ट्झची सहा. आखूड लहरींच्या प्रदेशांत रुंद पट्टे मिळतात, म्हणून वेग वाढतो. परंतु त्या भिंतींत लवकर विरतात. मेहकर वा सिंदखेड राजाकडील जुन्या वाड्यांच्या जाड दगडमातीच्या भिंती उन्हाळ्यांत सुखद खऱ्या, पण लहरींना त्या महाग पडतात. पत्र्याचें छप्पर तर त्यांना आरशाप्रमाणें परतवितें.

खरी गंमत येथेंच आहे. सरळ आलेली आणि पत्र्यावरून उलटलेली अशा दोन लहरी एके ठिकाणीं भेटतात. उंचवट्यावर उंचवटा पडला तर जोर वाढतो. उंचवट्यावर खळगा पडला तर दोघी एकमेकींस खाऊन टाकतात. म्हणूनच मोबाईल तीन-चार बोटें सरकवितांच थांबलेलें चित्र पुन्हां हालूं लागतें. नव्या पेट्यांवरील दोन-चार शिंगें शोभेसाठीं नव्हेत. एकाच्या वाट्यास खळगा आला, तरी दुसऱ्यास उंचवटा मिळण्याचा संभव असतो.

शिवाय माहितीच्या पुडक्याची पोंच परत यावी लागते. ती न आल्यास पेटी तेंच पुडकें पुन्हां धाडते, आणि वारंवार तसें घडल्यास वेग उतरविते; गलबल्यांत आपण सावकाश बोलतों तसें. शेजाऱ्यांच्या पेट्या हाच तो गलबला. 2.4 च्या पट्ट्यांत 1, 6 व 11 हे तीन मार्ग एकमेकांस न घासतां चालतात.

याहून आखूड, पांच मिलिमीटरच्या लहरी जगदीशचंद्र बोस यांनीं 1890 च्या दशकांतच कलकत्त्यास निर्माण केल्या होत्या! आज 60 गिगाहर्ट्झच्या अतिवेगवान यंत्रांत त्याच वापरतात. त्यांना माणूस आडवा आला तरी पुरे. म्हणून अनेक सूक्ष्म शिंगांनीं त्यांचा झोत बांधतात, आणि वाट अडली कीं तो भिंतीवरून उलटवून नेतात.

घरीं मात्र पेटी कपाटांत कोंबूं नये. मध्यावर, उंच ठेवावी. भिंतीपलीकडे दुसरी पेटी हवी असेल तर तिच्यापर्यंत तार न्यावी. साधा बिनतारी पुनःक्षेपक लावल्यास तेंच पुडकें हवेंतून दोनदां जातें व वेग साधारण निम्मा होतो. भिंतीस भोंक पाडावें लागेल, आणि त्याला घरांतील वडील मंडळी कुरकुरतील, हें मी जाणून आहें.