आजीच्या पेटीतले युद्ध

सैनिक दांपत्यांच्या इंग्रजी प्रणयकथांत नायिकेला आजीचा युद्धकालीन पत्रव्यवहार हटकून सापडतो. परंतु त्या आज्यांचे प्रत्यक्ष चरित्र कादंबरीहून रुक्ष, आणि म्हणूनच अधिक चित्तवेधक होते. २८ डिसेंबर १९४५ च्या कायद्याने अमेरिकेने युद्धवधूंचा प्रवेश सुकर केला, तेव्हा अमेरिकन शिपायांना वरलेल्या ब्रिटिश तरुणींची रवानगी आधी टिडवर्थच्या लष्करी छावणीत झाली, आणि तेथे दाखल्यांची छाननी व संकोच वाटावा अशी वैद्यकीय तपासणी उरकल्यावरच, २६ जानेवारी १९४६ रोजी, ‘अर्जेंटिना’ जहाज साडेचारशेंवर वधूंना घेऊन साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे निघाले. प्रणयावर एवढे सरकारी शिक्कामोर्तब क्वचितच झाले असेल! कथालेखिका बहुधा चुंबनापाशी थांबतात. मला मात्र साध्या पोशाखातला नवरा ओळखू येईल की नाही, या विवंचनेत पडलेली वधूच खरी नायिका वाटते.