आघात सरकला की अर्थ बदलतो

पेडणे-डिचोलीतील मराठी प्राथमिक शाळांतून पाचवीत इंग्रजी माध्यमाकडे वळणारी मुले इंग्रजी सामासिक शब्दांच्या उच्चारात अनेकदा अडखळतात. याचे मूळ मातृभाषेच्या वळणात आहे. मराठीत अक्षराचे वजन लघु-गुरूवर ठरते. आघाताने शब्दार्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत तो बदलतो. ‘ग्रीन-हाउस’चे उच्चारखंड दोन. पहिल्यावर जोर दिल्यास रोपांचे हरितगृह, दुसऱ्यावर दिल्यास हिरव्या रंगाचे घर. ‘न्यूज-पे-पर’मध्ये खंड तीन, मुख्य आघात मात्र पहिल्यावरच. बहुतेक सामासिक नामांत आघात पहिल्या घटकावर येतो, अपवादही आहेत. म्हणून आधी शब्दाचा सांधा शोधावा, टाळी वाजवत खंड मोजावेत आणि मगच जोर कुठे द्यायचा ते ठरवावे.