फॉरमॅट न मारता

सकाळी ९.३०
पुण्यातल्या एका कॉलेजची संगणक प्रयोगशाळा. एम.टेक.च्या मुलांचं जड काम एकाच डेबियन मशीनवर चालतं, कारण तगडं ग्राफिक्स कार्ड फक्त त्यात आहे. आज मशीन सुरू होतंय, पण लॉगिन येत नाही. काळ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसती रेघ लुकलुकतेय. पहिला प्रश्न ठरलेला, "सर, फॉरमॅट मारायचं का?"

मुळीच नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबल्यावर साधं अक्षरी लॉगिन आलं. डिस्क ठीक, नेटवर्क ठीक, मुलांच्या फायली जागच्या जागी. म्हणजे बिघाड फक्त चित्र उमटवणाऱ्या थरात आहे.

१०.००
काल अपडेटमध्ये नवा कर्नल आला होता, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. लिनक्स कर्नलची आतली रचना आवृत्तीगणिक बदलू शकते. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसारखं कर्नलबाहेरचं मॉड्यूल त्यामुळे दर नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावं लागतं. हे काम डीकेएमएस आपोआप करतं. डेल कंपनीतल्या अभियंत्यांनी २००३ मध्ये केलेली ही सोय. ग्रब या बूटलोडरच्या यादीतून जुना कर्नल निवडला की एरवी चित्र परत येतं. आज जुन्यावरही काळोखच.

अशा वेळी लोकांचा धीर सुटतो. ड्रायव्हर काढतात, परत घालतात, कुठून कुठून उचललेल्या कमांड एकामागून एक चिकटवतात. त्यात मूळ खुणाच पुसल्या जातात आणि मग खरंच फॉरमॅटशिवाय गत्यंतर उरत नाही. मला याची मनापासून चीड आहे. मशीनने काय झालं ते लिहून ठेवलेलं असतं. आधी ते वाचा.

१०.४५
दोन्ही वेळच्या बूटचे लॉग शेजारी शेजारी लावले. नव्या कर्नलखाली नोंद होती की मॉड्यूल सापडलंच नाही. जुन्याखाली मॉड्यूल सापडलं होतं, पण पुढची ओळ म्हणत होती, 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. काळी स्क्रीन तीच, कारणं दोन.

पहिलं लवकर निस्तरलं. नव्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फायली, बसलेलेच नव्हते, म्हणून डीकेएमएसने बांधणी केली नव्हती. हेडर्स घातल्यावर केली. दुसऱ्यासाठी लॅबच्या काकांना विचारलं, "काका, काल मशीन उघडलं होतं का?"

"हो सर, घड्याळ मागे पडत होतं म्हणून सेल बदलला."

तिथेच उलगडा झाला. सेल निघाल्यावर या बोर्डाच्या बायॉसमधली सेटिंग्ज मूळपदावर गेली आणि आम्ही बंद ठेवलेलं सिक्युअर बूट चालू झालं. ते चालू असताना ओळखीच्या किल्लीची सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही.

१२.००
सिक्युअर बूट पुन्हा बंद करणं सोपं होतं. पण दिवसभर अनेक हातांखाली जाणाऱ्या मशीनवर मला ते पटत नाही. आधीच चालू ठेवायला हवं होतं असं माझं मत. डीकेएमएस मॉड्यूलवर ज्या किल्लीने सही करतं, तीच नोंदवायची ठरवली. किल्ल्या नोंदवायच्या मोकयुटिल या साधनाला किल्ली दिली, एकदाच वापरायचा पासवर्ड ठरवला आणि रीस्टार्ट केलं. निळी स्क्रीन आली. इथे दहा सेकंदांत एखादी की दाबली नाही, तर मशीन नोंदणी न करताच पुढे जातं. शिवाय हे काम दुरून लॉगिन करून होत नाही, कीबोर्डपाशी माणूसच लागतो. ते मुद्दामच तसं ठेवलंय, नाहीतर नेटवर्कवरून घुसलेला कोणीही स्वतःची किल्ली नोंदवेल.

एका मुलीने पासवर्ड टाकला. मशीन उठलं, लॉगिन आलं. एनव्हिडिया-एसएमआयच्या तक्त्यात कार्डाचं नाव, तापमान, मेमरीचा वापर, सगळं दिसलं.

१.३०
डबा खाताना एकाने विचारलं, "सर, नुव्हो का नाही वापरत?" नुव्हो हा एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा मुक्त ड्रायव्हर. कंपनीची कागदपत्रं नसताना, कार्ड कसं वागतं ते बारकाईने पाहून लोकांनी तो लिहिला. २०१० मध्ये तो मुख्य कर्नलमध्ये आला. त्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे. पण २०१४ च्या सुमाराच्या कार्डांपासून कंपनीची सही असलेलं फर्मवेअर लागू लागलं आणि कार्डाचा वेग वाढवणं नुव्होच्या हाताबाहेर गेलं. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने ट्युरिंग व त्यानंतरच्या कार्डांसाठी कर्नल मॉड्यूलचा स्रोत खुला केला. उशिरा का होईना, हे व्हायलाच हवं होतं.

३.००
दुसरं मशीन, एएमडीचं कार्ड. चित्र येतं, पण खिडकी सरकवली तरी अडखळते. रेंडररचं नाव पाहिलं तर एलएलव्हीएमपाइप, म्हणजे सगळं रेखाटन प्रोसेसर करतोय. ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, फर्मवेअरचं पॅकेज तेवढं राहिलं होतं. डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळतं. हे मशीन त्याआधीचं. पॅकेज घातलं, रीस्टार्ट केलं, झालं.

५.००
बाकीच्या मशीनवर हेडर्सचं मेटापॅकेज आहे का ते मुलं तपासतायत, म्हणजे पुढचा कर्नल हेडर्ससकट येईल. सकाळच्या लॉगमधल्या दोन्ही ओळी लॅबच्या वहीत उतरवल्या. काकांनी त्याखाली सेल बदलल्याची तारीख लिहिली.