ब्लॅक स्वान : हार्लेममधील एक छोटी ध्वनिमुद्रिका कंपनी

गाणे ऐकताना गायक कोण, हे आपण विचारतो. रेकॉर्ड कोणाच्या कारखान्यात निघाली आणि तिचा पैसा कोणाच्या खिशात गेला, हे सहसा विचारत नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील काही कृष्णवर्णीय मंडळींनी 1921 मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांच्या कंपनीची माहिती आम्ही येथे देत आहोत.

1920 पूर्वी अमेरिकेतील रेकॉर्ड कंपन्या कृष्णवर्णीय कलावंतांना क्वचितच संधी देत. त्या वर्षी ओके या कंपनीने मेमी स्मिथ हिचे ‘क्रेझी ब्लूज’ काढले आणि त्याचा प्रचंड खप झाला. गिऱ्हाईक आहे, हे सर्वांना कळले. पण नफा गोऱ्या मालकांचाच होता. तेव्हा हॅरी पेस यांनी स्वतःची कंपनी काढली. पेस हे अटलांटा विद्यापीठात डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचे विद्यार्थी. पुढे गुरूच शिष्याच्या कंपनीच्या संचालक मंडळावर आले. (याच ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 मध्ये पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे पाठविलेल्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या.) एलिझाबेथ ग्रीनफील्ड या एकोणिसाव्या शतकातील कृष्णवर्णीय गायिकेला लोक ‘ब्लॅक स्वान’, म्हणजे काळा हंस म्हणत. तेच नाव कंपनीला दिले.

पियानोवादक फ्लेचर हेंडरसन आणि संगीतकार विल्यम ग्रँट स्टिल हे दोघेही येथे कामाला होते. पुढे दोघांचेही मोठे नाव झाले. आमच्या लोकांना केवळ विनोदी आणि हलकी गाणीच येतात, हा समज पेस यांना खोडून काढायचा होता. म्हणून ऑपेरा, भक्तिगीते असे सर्व काही त्यांनी काढले. कंपनी तरली मात्र एथेल वॉटर्सच्या ‘डाउन होम ब्लूज’वर. हिने लोकप्रिय गावे की ‘सुसंस्कृत’, यावर आधी बरीच चर्चा झाली होती! बेसी स्मिथला तर आवाज फार रांगडा म्हणून नाकारले, असे सांगतात. 1923 मध्ये तिला कोलंबिया कंपनीने घेतले आणि ती त्या काळातील सर्वांत गाजलेली ब्लूज गायिका झाली. प्रतिष्ठेची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु आपल्याच गरीब माणसाच्या गाण्याची लाज वाटणे कंपनीला महाग पडले, असे आम्हाला वाटते.

दुसरी अडचण कारखान्याची. रेकॉर्ड छापण्याची यंत्रे दुसऱ्याच्या हाती असतील तर धंदाही त्याच्याच हाती राहतो. म्हणून 1922 मध्ये पेस यांनी एका गोऱ्या भागीदारासह ऑलिम्पिक कंपनीचा लाँग आयलंड सिटी येथील कारखाना विकत घेतला. पाऊल योग्य होते, पण खर्च वाढला. मोठ्या कंपन्या त्याच गिऱ्हाइकांसाठी ब्लूज काढू लागल्या होत्या आणि घरोघरी रेडिओ येत होता. ऑलिम्पिकच्या जुन्या साच्यांवरून गोऱ्या वाद्यवृंदांच्या रेकॉर्डही खोट्या नावांनी ‘ब्लॅक स्वान’ म्हणून विकल्या गेल्या. आमच्याच रेकॉर्ड तेवढ्या अस्सल, अशी जाहिरात करणाऱ्या कंपनीवर ही पाळी आली.

1923 च्या अखेरीस कंपनीचे दिवाळे निघाले. 1924 मध्ये तिच्या रेकॉर्डांचा संग्रह पॅरामाउंट या गोऱ्या मालकांच्या कंपनीकडे गेला. पेस विमा व्यवसायाकडे वळले आणि 1925 मध्ये त्यांनी नेवार्क येथे कृष्णवर्णीयांसाठी विमा कंपनी उभारली.