आवणीचा अंगठा

अंगठा बाहेरच्या बाजूला नेणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला, हाडावरच्या एका अरुंद बोगद्यातून जातात. एक ॲबडक्टर पॉलिसिस लाँगस या स्नायूची, दुसरी एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिसची. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात कंडरा दोन आणि बोगदा एक असतो. प्रत्यक्षात पहिली कंडरा बहुधा दोन, तीन किंवा त्याहून अधिक पदरांत फुटलेली असते. चित्रातली एकेरी कंडरा थोड्याच हातांत सापडते. दुसरी बारीक असते, क्वचित नसतेच. पुष्कळ हातांत बोगद्यात मधे पडदा असतो आणि दुसरी कंडरा स्वतःच्या वेगळ्या खणातून जाते.

या कंडरांना किती काम पडते ते शहापूर-मुरबाडच्या भातखाचरांत दिसते. इथे उन्हाळ्यात राब भाजतात, पावसावर पेरतात, रोपे तीनेक आठवड्यांची झाली की उपटून मुठी बांधतात आणि खाचरात चिखलणी करतात. मग आवणी. कंबरेत वाकलेल्या बाईच्या डाव्या हातात मूठ असते. उजवा हात तीन-चार काड्या वेगळ्या काढतो. अंगठा आणि शेजारची दोन बोटे मुळांशी जुळतात, चिखलात शिरतात, रोप सोडून बाहेर येतात. चिखलाचा आंबूस वास कोपरापर्यंत चढलेला असतो. रोप सुटताना अंगठा दर वेळी बाहेर फाकतो आणि त्या दोन कंडरा बोगद्यात सरकतात. एकाच खाचरात हे शेकडो वेळा घडते.

हाताहातांतला फरक या बोगद्यापुरता नाही. मनगटाच्या पुढच्या बाजूचा पामारिस लाँगस हा स्नायू तर काही जणांना नसतोच. पाठ्यपुस्तके हे प्रमाण सुमारे 15 टक्के सांगतात. आशियातल्या अनेक लोकसमूहांत ते कमी आढळले आहे. अंगठा आणि करंगळी टोकाला टोक लावून मनगट किंचित वाकवले की, असल्यास, त्याची कंडरा मधोमध उठून दिसते. पण ज्यांना ती नाही, त्यांची पकड त्यामुळे ढिली पडत नाही. म्हणूनच शल्यचिकित्सक ही कंडरा काढून दुसरीकडे जोडायला वापरतात.

लिनबर्ग आणि कॉमस्टॉक यांनी 1979 मध्ये वर्णिलेल्या प्रकारात अंगठा आणि तर्जनी वाकवणाऱ्या कंडरांमध्ये जोडपदर असतो. अंगठ्याचे टोक वाकवले की तर्जनीचेही वाकते. वादकाला याची अडचण होते. आवणीत ही दोन्ही बोटे मुळातच एकत्र वाकतात, त्यामुळे असा हात असलेल्या बाईला ते आयुष्यभर कळणारही नाही.

बोगद्यातला पडदा मात्र इतका निरुपद्रवी नाही. कंडरांभोवतीचे आवरण जाड होऊन बोगदा आवळला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केरव्हँ यांनी 1895 मध्ये हा विकार वर्णिला. तो स्त्रियांत अधिक, विशेषतः तान्ह्या बाळाच्या आईत. तपासणाऱ्याने रुग्णाचा अंगठा धरून मनगट करंगळीकडे झुकवले की दुखते, ही फिंकेलस्टाइन यांची 1930 ची खूण. विळ्याने भात कापताना मनगट पुष्कळदा तिकडेच झुकते.

इलाज विश्रांतीपासून सुरू होतो. आवणीच्या दिवसांत अंगठ्याला पट्टी बांधून बसणे कोणाला परवडणार? पुढचा उपाय स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा, पण पडदा असेल तर औषध दुसऱ्या खणात पोचेलच असे नाही. शस्त्रक्रियेत बोगद्याचे छत उघडतात. पहिल्या कंडरेचे अनेक पदर पाहून दोन्ही कंडरा मोकळ्या झाल्या असे वाटू शकते. तिथेच थांबले तर पडद्यामागची कंडरा आवळलेलीच राहते आणि दुखणे जात नाही. म्हणून पदर मोजून भागत नाही. एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिसची कंडरा वेगळी ओळखून, तिचा खण असल्यास तोही उघडावा लागतो.