बियाण्याची देवाणघेवाण : कॅनडातील बागायतदारांचा शिरस्ता

कॅनडाच्या बऱ्याच भागात जमीन बर्फाखाली असतानाच हौशी बागायतदार बियाण्यासाठी एकत्र जमतात. सन १९९० मध्ये व्हँकुव्हर शहरात 'सीडी सॅटर्डे' नावाचा पहिला बियाणे मेळावा भरला. आता असे मेळावे तेथे गावोगावी होतात.

प्रत्येकजण घरचे बी पुडीत बांधून आणतो. पुडीवर पीक, वाण व बी धरल्याचे वर्ष लिहितो. आपल्याकडे नाही ते दुसऱ्याकडून घेतो आणि लागवडीचा अनुभवही विचारून घेतो. यात जिव्हाळा आहे, तसा हिशेबही आहे. कडाक्याच्या थंडीने किंवा रोगाने एकाच्या बागेतला वाण गेला, तरी ज्यांना तो पूर्वी दिला त्यांच्याकडून परत मिळतो. एकाच घरी राहिलेला वाण मात्र कायमचा बुडतो.

असे बी देताना पुढील काळजी घ्यावी.

१) वाटाणा, घेवडा व टोमॅटो ही पिके बहुतांशी स्वपरागसिंचित असल्याने त्यांचे वाण शुद्ध राखणे सोपे जाते.

२) लाल भोपळ्यात मधमाश्यांमुळे भेसळ होते. नर व मादी कळ्या आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधाव्यात. सकाळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा बांधावे.

३) संकरित वाणाचे बी धरू नये. पुढील पिढीत गुण टिकत नाहीत.

४) रोगट झाडाचे बी कोणासही देऊ नये.

आपल्या परसबागेतील चांगल्या वाणाचे बी निदान दोन शेजाऱ्यांकडे अवश्य ठेवावे.